सतराव्या फिल्टरात म्हातारा नव्हता

१

मलप्पा मेला वेळ अमावस्येच्या सणादिवशी, आणि दिवेलागणीच्या आत गावाने ठरवूनही टाकलं की त्याला त्याच्या बायकोने मारलं. गावाला अशा गोष्टीत पुरावा लागत नाही, आणि इथे तर बायको स्वतःच कपाळ बडवून सांगत होती.

शिरूर अनंतपाळच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर, रामलिंग पाटलाच्या शेतात चौदाशे फूट खोल बोर आहे. तो उसासाठी नाही आणि गावाच्या नळासाठीही नाही. इतक्या खोल, अंधारात कोंडलेल्या पाण्यात कोणते जिवाणू जगतात ते शोधायला नांदेडच्या एका प्रयोगशाळेने तो पाडलेला. बोरच्या तोंडाभोवती दहा फुटांचा सिमेंटचा खड्डा, खड्ड्यात लोखंडी टाकी. पंधरा दिवसांतून एकदा मोटर चालू करायची, पाणी टाकीत धो धो पडू द्यायचं आणि त्यातलं थोडं सहा तास फिल्टरमधून सोडायचं, एवढंच तिथलं काम. पण त्या पाण्याबरोबर सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस वर येतो आणि तो माणसाला उभ्या उभ्या पाडतो. म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी मोठा पंखा. मोटर असो नसो, पंखा बंद करायचा नाही असा नियम होता. मलप्पा तिथला रखवालदार.

त्या दिवशी दुपारी दोनला त्याची बायको सिद्धम्मा डबा घेऊन आली. मलप्पा झोपडीत नव्हता. वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत जेवायला बसलेलं असतं. हाही कुठेतरी बसला असेल, असं तिला वाटलं. तिने डबा ठेवला, पाण्याची पूजा म्हणून खड्ड्याच्या काठावर दिवा लावला. पंख्याच्या वाऱ्याने तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तेव्हा तिने पंख्याचं बटण बंद केलं, हात जोडले आणि घरी गेली. बटण तसंच राहिलं.

साडेपाचला ती डबा न्यायला आली, तेव्हा मलप्पा खड्ड्याच्या तळाशी पालथा पडला होता.

डॉक्टर म्हणाले, गॅसनेच गेला. फौजदार व्यंकटी गुट्टे यांनी हयगयीने जीव घेतल्याचा गुन्हा सिद्धम्मावर नोंदवला. दिराने तिला घराबाहेर काढलं. तिने अन्न सोडलं.

नांदेडला डॉ. नाझनीनला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, बर्फाची पेटी घेऊन आलेल्या जीपवाल्याकडून. पेटीत वेळ अमावस्येलाच भरलेला फिल्टर होता, सतरा नंबरचा. नाझनीनने झाकण उघडलं. आधीच्या सोळा वेळा झाकण उघडताच तिने नाकाला ओढणी लावली होती. या वेळी तिचा हात ओढणीपर्यंत गेला आणि तसाच राहिला.

फिल्टरला वासच नव्हता.

२

नाझनीन अडतिसाची. वडील नजीरमियाँ नांदेडात चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत आले. मुलगी पाण्याच्याच धंद्यात गेली, फक्त जरा जास्त खोल, असं ते पाहुण्यांना सांगत. स्वभावाने ती चिवट. एखादी गोष्ट पटली नाही की चार दिवस धड जेवायची नाही आणि घरच्यांनाही जेवू द्यायची नाही.

खोल पाण्यातले जिवाणू तिच्यासारखेच हट्टी. बशीत घालून, खाऊपिऊ घालून ते प्रयोगशाळेत वाढत नाहीत. म्हणून त्यांना न वाढवताच ओळखावं लागतं. पाण्यात जे कोणी असतील त्या सगळ्यांचे जनुकीय धागे एकदम काढायचे, त्यांचे लाखो तुकडे वाचायचे आणि कोणता तुकडा कोणाचा ते संगणकावर जुळवायचं. शंभर लग्नपत्रिका फाडून एका पोत्यात भराव्यात आणि मग प्रत्येक पत्रिका पुन्हा जोडायला बसावं, असं ते काम.

सोळा फिल्टरांत तिला एक जण कायम भेटला होता. निम्म्याहून जास्त पाणी त्याचंच. खाली खायला जवळपास काही नसताना तो जगत होता. एकाचे दोन व्हायला त्याला कित्येक वर्षं लागत असावीत, असा तिचा अंदाज. त्याला अजून शास्त्रीय नाव नव्हतं. नाझनीन त्याला म्हातारा म्हणायची.

तेराव्या फिल्टरापासून म्हाताऱ्याच्या घरात पाहुणे शिरले होते. साखरेवर तुटून पडणारे, आणि खाऊन झालं की तोच सडका गॅस सोडणारे. तेराव्यात थोडे, चौदाव्यात दुप्पट, सोळाव्यात म्हाताऱ्याच्या बरोबरीने. तिने त्यांचं नाव खादाड ठेवलं आणि प्रकल्पप्रमुखांना सांगितलं, की खाली कोणीतरी यांना जेवायला घालतंय. प्रमुख हसले आणि म्हणाले, पोरांनी हात धुतले नसतील.

पेटी आल्याच्या बाराव्या दिवशी सतराव्या फिल्टराची पहिली जुळणी हाती आली. नाझनीन खुर्ची ओढून बसली. म्हातारा नव्हता. थोडा नव्हता असं नाही, मुळीच नव्हता. खादाडही नव्हते.

जे होते त्यांना ती लगेच ओळखून चुकली. दही आणि ज्वारीचं पीठ एकत्र आंबवलं की त्यात जे जिवाणू माजतात, तेच हे. वेळ अमावस्येला लातूरकडे प्रत्येक घरात मडकं भरून जी अंबील होते, ती चौदाशे फुटांवरच्या पाण्यात उतरली होती.

३

प्रकल्पप्रमुख डॉ. आप्पासाहेब बिराजदार हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. बोर पाडला त्या दिवशी फेटा बांधून फोटो काढला, त्यानंतर खड्ड्यात पाऊल टाकलं नाही. मृत्यूच्या दिवशी ते मुदखेडला मेहुण्याच्या शेतात जेवत होते आणि हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

"अंबील सापडली?" ते खुर्चीत पुढे सरकले. "मग प्रश्न मिटला, डॉक्टर. त्या बाईनं नुसता पंखा बंद केला नाही. पूजेच्या नावाखाली बोरचं झाकण काढून अंबील ओतली. फौजदारांना सोमवारी आपलं पत्र पाहिजे. तसं लिहून द्या."

"आणि म्हातारा कुठे गेला, सर?"

"अंबिलीनं बाकी सगळं झाकून टाकलं असेल."

"तांब्याभर अंबिलीनं चौदाशे फुटांचं पाणी झाकलं जातं?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा. चूक तिची नसेल, तर आपली ठरते. खड्ड्यावर एकच रखवालदार का ठेवला, दुसरा माणूस का नव्हता, हे विचारतील. बोर बंद होईल. तुमचा म्हातारासुद्धा जाईल. आज शुक्रवार आहे. सोमवारी पत्र."

नाझनीन बाहेर आली. तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ते म्हणाले ते कागदावर खरंच दिसत होतं. तिच्याच हातच्या आकड्यांनी एक बाई तुरुंगात जाणार होती.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि जे आडात आहे ते पोहऱ्यात यायलाच हवं. म्हातारा आडात होता. मग पोहऱ्यात का नाही?

शनिवारी सकाळी तिने लातूरची बस धरली. वाटेत फोन वाजला. उरलेल्या तुकड्यांची जुळणी संगणकाने पाठवली होती. तिने ती दोनदा वाचली आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

सतराव्या फिल्टरात हिरवे जिवाणू होते. सूर्याच्या उजेडाशिवाय न वाढणारे.

४

सिद्धम्मा भावाच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. समोर भाकरीची ताटली झाकून ठेवलेली. भावजय नाझनीनच्या कानात म्हणाली, "चाऱ्याला तोंड न लावणाऱ्या गायीवाणी झालीय. नुसतं पाणी पिऊन राहिली."

"मी पोलिसांची नाही," नाझनीन तिच्याजवळ बसत म्हणाली. "ते पाणी तपासते ती मी."

"तपासायचं काय आता," सिद्धम्मा म्हणाली. "मीच बंद केलं बटन. ह्या हातानं. तुमी लिवून घ्या."

"अंबील ओतलीत बोरमध्ये?"

"वतायला झाकण उघडतंय व्हय माज्यानं? दोन थेंब शिपडले काठाला. बस."

"पंखा बंद केलात तेव्हा काय झालं, ते सांगा. जसं आठवतं तसं."

सिद्धम्मा हातांकडे बघत सांगू लागली. "काय व्हणार. लई आवाज आस्तो त्या पंख्याला. बंद केला अन् समदं गप झालं. मला बरं वाटलं. दिवा सरळ जळाया लागला. मी खाली वाकून बगितलं, खड्डा रिकामा व्हता. कुटंच काय हालत नव्हतं."

नाझनीनला ते खटकलं. मोटर चालू असली की त्या टाकीत पाणी असं पडतं की काठावर उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही.

"तो सापडला तेव्हा कसा होता? तुम्हीच पहिल्यांदा पाहिलं ना?"

"पालथा. मी उतरले, हात लावला. गार." भावजयीने पाणी दिलं. "पायाला समद्या मुंग्या. पोटऱ्यांवर, धोतरावर. धोतर चिकट व्हतं. फौजदार म्हनाले, खीर सांडली आसंल. सण हाय."

"खीर नव्हती?"

"गोड कुटलं, बाई. सासरा वारून वरीस झालं न्हाई. वर्साच्या आत आमच्यात चुलीवर गोड चढत न्हाई. अंबील, भज्जी अन् भाकर, तेवडंच. अन् डबा तर त्यानं उघडला बी नव्हता."

नाझनीन उठली. दारात सिद्धम्माने तिला थांबवलं.

"बाई, एक सांगा. गॅसनं मानूस जातो तवा त्याला कळतं का, की आपल्याला कुनी मारलं?"

५

सतरावा फिल्टर भरला होता उज्वलाने. ती प्रयोगशाळेची संशोधक विद्यार्थिनी, औशाची. मलप्पाच्या मृत्यूपासून आजारपणाची रजा टाकून घरी बसलेली. तिच्या जबाबात एकच ओळ होती: मोटर सकाळी दहा ते दुपारी चार चालली, फिल्टर भरून मी निघाले.

औशाला तिच्या आईने चहा ठेवला आणि आत गेली. उज्वला डोळे वर करत नव्हती.

"मी फिल्टर वाचलाय," नाझनीन म्हणाली. "त्यात म्हातारा नाही. उन्हात वाढणारे हिरवे आहेत आणि अंबील आहे. चौदाशे फुटांवर ऊन पडत नाही, उज्वला. हे उघड्या विहिरीचं पाणी आहे."

उज्वला नाकारेल असं नाझनीनला वाटलं होतं. पण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"थ्री फेज आलंच नाही, मॅडम. पंख्यापुरती लाईट होती, मोटरची नव्हती. मलप्पामामा म्हणाले, थांबा, येईल. साडेअकरापर्यंत थांबले. आईनं सकाळपासून सात फोन केले, घरात सगळे जमले होते. सोळाव्या वेळचाच निकाल येईल, कोणाला काय कळणार, असं वाटलं. पाटलांच्या विहिरीवरनं कॅन भरली, हातपंपानं फिल्टरमधून घातली."

"अंबील कुठून आली?"

"पाटलांच्या घरची रीत आहे. पहिला तांब्या विहिरीला ओततात. मला माहीत होतं, पण लक्षातच आलं नाही. झोपडीतल्या वहीत दहा ते चार लिहिलं आणि बाराला निघाले."

"चारच का?"

"सहा तास दाखवायला. आकडा मनानंच टाकला." ती आता रडत होती. "मी गेल्यावर वीज आली असणार. मामांनी माझ्यासाठी मोटर लावली असणार आणि बघायला खाली उतरले असणार. मी थांबले असते तर ते एकटे उतरले नसते. मी कोणाला सांगू हे?"

नाझनीनने तिला रडू दिलं. दोन बायका, दोन गावांत, एकाच माणसाला आपणच मारलं म्हणून झुरत होत्या. तिने बाहेर येऊन फौजदार गुट्टेंना फोन लावला आणि दोनच गोष्टी विचारल्या. त्या दिवशी त्या शिवारात थ्री फेज वीज किती वाजता आली, आणि मोटर चालू होती असं उज्वलाशिवाय आणखी कोणी सांगितलं?

अर्ध्या तासाने गुट्टेंचा फोन आला. वीज आली रात्री दहाला, रोहित्र दुरुस्त झाल्यावर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांचा आवाज जरा बदलला होता.

६

रामलिंग पाटील पन्नाशीचा, गोड बोलणारा. बोरला जमीन त्यानेच दिलेली, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याचा मान होता. रविवारी सकाळी नाझनीन आणि गुट्टे शेतात पोचले, तेव्हा त्याने बाज टाकली, चहा सांगितला.

"लई वाईट झालं, मॅडम. बाई भोळी हो. दिव्यापायी नवरा घालवला."

"तुम्ही जबाब दिलाय की मोटर चालू होती."

"हाव. समदा दिवस. मी जाता-येता बगत होतो, पानी पडत होतं. वास तर कोपीपर्यंत येऊन राहिला होता. चारला बंद झाली."

"नक्की चार?"

"चारच. घड्याळ बगितलं की मी."

नाझनीनने कप खाली ठेवला.

"पाटील, त्या दिवशी मोटर मिनिटभरही चालली नाही. वीजच नव्हती. पाणी पडलं नाही आणि वासही आला नाही. उज्वलाने खोटं सांगितलं, कारण तिला घरी जायचं होतं आणि पदवीची भीती होती. ते मला समजतं. तुम्ही तेच खोटं का सांगितलं, ते मला कळत नव्हतं."

"चूक झाली आसंल ऐकण्यात."

"ऐकण्यात नाही, वाचण्यात. चार हा आकडा उज्वलाने बारा वाजता मनाने लिहिला. तो या जगात एकाच जागी होता, झोपडीतल्या वहीत. गुट्टेसाहेब, वही तुम्ही कधी ताब्यात घेतली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी," गुट्टे म्हणाले. "पाटलांचा जबाब प्रेत सापडलं त्याच संध्याकाळचा आहे, उज्वलाच्या जबाबाआधीचा."

"म्हणजे दुपारी बारानंतर आणि प्रेत सापडायच्या आधी तुम्ही त्या झोपडीत उभे होता, पाटील. वही उघडून बघत होता, की मोटर चालल्याची नोंद आहे का. कारण तुम्हाला तिथे गॅस हवा होता."

रामलिंग हसला, पण हसू तोंडभर पसरलं नाही. "मॅडम, डॉक्टरच म्हनले, गॅसनं मेला."

"गॅसनेच मेला. पण मोटर चालल्याशिवाय आमच्या खड्ड्यात गॅस येत नाही, आणि त्याआधी पंधरा दिवस ती चाललेली नव्हती. सिद्धम्माने पंखा चालू ठेवला असता की बंद, काही फरक नव्हता. मलप्पा दुसरीकडे मेला. जिथे खाली गॅस साचलाय आणि पाय चिकट होतात, तिथे." ती उठून उभी राहिली. "साखर खाणारे खादाड जिवाणू चार वेळा आमच्या बोरमध्ये सापडले. ते आपोआप आले नाहीत, तुम्ही त्यांना वरून जेवायला घालताय. तुमचा कोरडा बोर कुठला, पाटील? आम्हाला जमीन देताना तुम्हीच सांगितलेला, तीन वर्षांपूर्वी फेल गेलेला?"

रामलिंगची नजर एकदाच, अगदी क्षणभर, कडब्याच्या गंजीकडे गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

गुट्टेंच्या शिपायांनी पेंढ्या बाजूला काढल्या. खाली पत्रा, पत्र्याखाली बारा फुटांचा खड्डा, खड्ड्यात बोरचं उघडं तोंड आणि त्यात उतरलेला जाड पाइप. पत्रा सरकताच जो वास आला त्याने एक शिपाई मागे कोलमडला. खड्ड्याच्या भिंतींवर काळपट, चिकट थर होता आणि त्यावर मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या.

"मळी," गुट्टे तोंडावर रुमाल दाबून म्हणाले. "दारूच्या कारखान्याचं साखरट सांडपाणी. पैसे घेऊन त्यांचे टँकर इथे रिकामे करत होतास?"

रामलिंग बाजेवर बसूनच राहिला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात गोडवा उरला नव्हता.

"पाइप चोंदला व्हता. मलप्पा सडपातळ, त्याला म्हनलं उतर. ढकलला न्हाई मी त्याला."

"उतरवलंस, आणि?" गुट्टेंनी विचारलं.

"पडला."

"तुझ्या कोपीत त्या वेळी किती माणसं जेवत होती?"

रामलिंगने जमिनीकडे बघत सांगितलं. चाळीस. हाकेच्या अंतरावर. एक हाक मारली असती तर दोर सोडून चाळीस हातांनी त्याला ओढून काढला असता. पण मग चाळीस जणांनी तो पाइपही बघितला असता. म्हणून तो पत्रा ओढून पाहुण्यांना भज्जी वाढायला गेला. साडेतीनला पाहुणे लवंडले तेव्हा त्याने दोराचा फास टाकून प्रेत काढलं, कडब्याखाली घालून ट्रॅक्टरने बोरवर आणलं. पंखा त्याला आयताच बंद सापडला होता.

"हे पाणी कुठवर गेलं असेल?" जीपकडे जाताना गुट्टेंनी विचारलं. गावाचे दोन हातपंप तिथून दिसत होते आणि एकावर बायका घागरी भरत होत्या.

"आमच्या बोरपर्यंत आलंय, एवढं मला माहीत आहे," नाझनीन म्हणाली. "बाकीच्या प्रत्येक बोरला आता फिल्टर लावावा लागेल. तोवर त्या पंपांना कुलूप घाला."

गुट्टेंनी शिपायाला हाक मारली. मग खिशातून रामलिंगच्या नुकत्याच घेतलेल्या नव्या जबाबाचा कागद काढून नाझनीनपुढे धरला. "हे वाचा. शेवटची ओळ."

तिने वाचली आणि कागद परत दिला.

७

सिद्धम्माला सांगायचं काम खरं तर गुट्टेंचं. ते दाराबाहेरच थांबले. "माझ्या तोंडून तिनं आतापर्यंत गुन्हाच ऐकला," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

नाझनीनने सगळं सांगितलं. वीज नव्हती, मोटर बंद होती, खड्ड्यात गॅस नव्हता. सिद्धम्मा ऐकत होती, पण समजल्याचं चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. नाझनीनने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश.

"म्हंजी बटन," सिद्धम्मा म्हणाली. "बटनाचं काय?"

"बटणाने काहीही झालं नाही. पंखा चालू असता तरी तेच झालं असतं. तुमच्या हाताने काही झालेलं नाही, सिद्धम्मा."

मग ती रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं भावजयीने नंतर सांगितलं. दाराबाहेर गुट्टे टोपी हातात घेऊन पाठमोरे उभे राहिले. नाझनीनलाही रडू येत होतं आणि तिने ते अडवलं नाही.

रडणं ओसरल्यावर सिद्धम्माने पदराने तोंड पुसलं आणि ती काहीतरी मोजायला लागली, बोटांवर.

"त्यानं कितीला उतरवला ह्यांना?"

"दीडला."

"मी दोनला दिवा लावला. तिथनं पाटलाचा कडबा दोन बांधांवर हाय. मी पंखा बी बंद केला व्हता, समदं गप व्हतं." तिने नाझनीनकडे बघितलं. "तवा ते जिते व्हते का, बाई?"

जबाबाची शेवटची ओळ नाझनीनला पाठ झाली होती. दोनदा येऊन पत्र्याला कान लावला, अडीचपर्यंत बारीक कण्हत होता, बायकोला हाका मारत होता. नाझनीनने आयुष्यभर जे दिसलं तेच लिहिलं होतं, आकडा आवडो न आवडो. कालच एका पोरीला मनाने टाकलेल्या आकड्यासाठी तिने रडवलं होतं. आणि ही ओळ उद्या ना परवा कोर्टात वाचली जाईल, तेव्हा सिद्धम्मा तिथेच बसलेली असेल, हेही तिला कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो गॅस तसाच असतो. उतरला आणि गेला. त्याला काही कळलं नाही."

सिद्धम्माने तिचा चेहरा निरखला. तिला पटलं की नाही, ते नाझनीनला कधीच समजलं नाही.

"बरं," सिद्धम्मा शेवटी म्हणाली.

भावजयीने ताटली पुढे सरकवली. सिद्धम्माने त्यावरचं फडकं काढलं आणि भाकरीचा एक तुकडा मोडला.